रेडिओवर गाणं वाजलं, जिंगल वाजली: पैसे कुणाला आणि कसे?

माझ्या पहिल्या जिंगलच्या बिलाची कार्बन कॉपी अजून फायलीत आहे. त्यावर एकच ओळ आहे: 'जिंगल, ३० सेकंद, शब्द, चाल, गायन व रेकॉर्डिंगसह, रु. ८,०००/-, फुल अँड फायनल.' गिऱ्हाईक म्हणजे तालुक्याच्या गावातलं एक साड्यांचं दुकान. ती जिंगल सात दिवाळ्या एफएमवर वाजली. मग लोकल केबलवर आली आणि शेवटी दुकानाच्या फोनवर होल्डला ठेवलं की तीच ऐकू यायला लागली. एकदा फराळाला बसलो असताना आईनं विचारलं, "दर वेळी वाजली की तुला काही मिळतं का रे?" मी म्हटलं, विकलं ते विकलं. पुढे बऱ्याच वर्षांनी ते बिल एका वकील मित्राच्या हाती पडलं. त्यानं ते दोनदा वाचलं आणि म्हणाला, "अरे, यात तू काहीच विकलेलं नाहीस."

तो असं का म्हणाला ते पुढे येईलच. घरच्या स्टुडिओत गाणी करणारी, स्थानिक दुकानांच्या जिंगल करणारी, कुठल्या तरी गाण्याला शब्द देऊन बसलेली पोरं मला हल्ली एकच प्रश्न विचारतात: रेडिओवर वाजलं, आता पैसे कधी येणार? उत्तर असं की आपणहून कधीच येणार नाहीत. रेडिओ पैसे देतो, पण ते ज्याचं नाव कागदावर नीट लागलेलं आहे त्याच्याकडे जातात. ते नाव कसं लावायचं, एवढंच इथे सांगतो.

पहिली पायरी: तुमच्याकडे नेमकं काय आहे?

आपण ज्याला 'गाणं' म्हणतो ते कायद्याच्या लेखी एक नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शब्द वेगळे, चाल वेगळी आणि रेकॉर्डिंग वेगळं. शब्द गीतकाराचे आणि चाल संगीतकाराची. रेकॉर्डिंग ते करवून घेणाऱ्या निर्मात्याचं, म्हणजे बहुतेक वेळा म्युझिक कंपनीचं. गायक आणि वादक यांतल्या कशाचेच मालक नसतात, पण 'परफॉर्मर' म्हणून त्यांचा स्वतंत्र हक्क आहे.

अभंगाचं उदाहरण घेतलं की हे लगेच समजतं. तुकोबांचे शब्द कुणाच्याच मालकीचे नाहीत, ते सगळ्यांचे. पण तुम्ही आज त्यांना नवी चाल लावलीत तर ती चाल तुमची. ती गाऊन घेऊन एखाद्या कंपनीनं रेकॉर्ड केली तर रेकॉर्डिंग कंपनीचं. उद्या ते रेडिओवर वाजलं तर शब्दांचे पैसे कुणालाच जाणार नाहीत, चालीचे मात्र तुम्हाला यायला हवेत. 'पारंपरिक आहे, कुणाची परवानगी लागत नाही' असं छातीठोकपणे सांगणारे बहुतेक जण इथेच फसतात. शब्द पारंपरिक असतात, कानात बसलेली चाल बरेचदा कुणा एका माणसाची असते.

मुदतही प्रत्येकाची वेगळी. शब्द आणि चाल यांना त्या त्या कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं संरक्षण, तेही पुढच्या कॅलेंडर वर्षापासून मोजून. रेकॉर्डिंगला प्रकाशनानंतर ६० वर्षं. ग. दि. माडगूळकर डिसेंबर १९७७ मध्ये गेले आणि सुधीर फडके जुलै २००२ मध्ये. म्हणजे या दोघांनी मिळून केलेल्या कुठल्याही गाण्याचे शब्द २०३७ अखेर संरक्षणातून बाहेर पडतील आणि चाल २०६२ अखेर. मधली पंचवीस वर्षं एकाच गाण्याचा एक अर्धा मोकळा आणि दुसरा बांधलेला राहणार.

तेव्हा वहीत गाण्याचं नाव लिहा आणि पुढे चार नावं लिहा: शब्द कुणाचे, चाल कुणाची, रेकॉर्डिंगचे पैसे कुणी भरले, आवाज कुणाचा. चारही ठिकाणी तुमचंच नाव असेल तर चारही वाटे तुमचे. दोघांनी मिळून चाल केली असेल तर वाटा किती टक्के हे त्याच दिवशी लिहून दोघांनी सह्या करा. गाणं चाललं नाही तर हा कागद लागत नाही. गाजलं तर त्याच्यावाचून मैत्री टिकत नाही, हे मी दोनदा पाहिलंय.

दुसरी पायरी: रेडिओचा पैसा कुठून निघतो आणि कुठे जातो?

इथे थोडा इतिहास हवा, नाहीतर आजची व्यवस्था अशी वाकडी का आहे ते कळत नाही.

आपल्याकडे नभोवाणीवर जाहिराती उशिरा आल्या. विविध भारती १९५७ मध्ये सुरू झाली, पण तिच्यावर पहिल्यांदा जाहिराती लागल्या त्या १ नोव्हेंबर १९६७ पासून, मुंबई, पुणे आणि नागपूर केंद्रांवर. जाहिरात आली म्हणजे कमाई आली आणि कमाई आली म्हणजे वाटा मागणारेही आले. गीतकार-संगीतकारांची संस्था आयपीआरएस १९६९ मध्ये मुंबईत स्थापन झाली. पण १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की मोबदला घेऊन चित्रपटासाठी केलेल्या गाण्याचा पहिला मालक निर्माता, वेगळा करार नसेल तर गीतकार-संगीतकाराच्या हाती पुढे काही उरत नाही. त्याच निकालाला न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी एक टिपण जोडलं. गाणं ज्याच्या गळ्यानं लोकांपर्यंत पोहोचतं त्या गायकाला आपला कायदा ओळखतच नाही, याकडे संसदेनं बघावं, असा त्याचा रोख होता. गायकाला रॉयल्टीचा हक्क द्यायला संसदेनं पस्तीस वर्षं लावली.

२०१२ ची कायदादुरुस्ती ही आपल्या धंद्यातली सगळ्यात मोठी गोष्ट. तिच्यातली एक तरतूद पाठच करा. गीतकार किंवा संगीतकार आपला कॉपीराइट विकू शकतो, पण गाण्याच्या पुढच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीचा निम्मा वाटा मिळण्याचा हक्क तो विकू शकत नाही आणि सोडूही शकत नाही. तो फक्त वारसांच्या किंवा कॉपीराइट सोसायटीच्या, म्हणजे सभासदांच्या वतीनं रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या नोंदणीकृत संस्थेच्या, नावे करता येतो. चित्रपटातलं गाणं असेल तर थिएटरात सिनेमाबरोबर दाखवण्याचे पैसे यात धरत नाहीत. बाकी रेडिओ, टीव्ही, ॲप सगळं धरतात. बिगरफिल्मी गाण्याला तर थिएटरची सूटही नाही. करारात 'सर्व हक्क कायमचे सोडून दिले' असं ठळक टायपात छापलं असलं तरी या वाट्यापुरतं ते पोकळ आहे. गायकांनाही याच दुरुस्तीनं रॉयल्टीचा हक्क दिला.

आता स्टेशनच्या बाजूनं बघू. रेडिओ स्टेशन एकेका कंपनीशी स्वतंत्र करार करू शकतं, आणि मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत तसे करार होतातही. पण कंपनी अडून बसली तर कायद्याच्या कलम ३१डी मध्ये दुसरा रस्ता आहे: आधी नोटीस द्यायची, ठरवून दिलेल्या दरानं पैसे भरायचे आणि वाजवायचं. दर ठरवण्याचं काम आधी कॉपीराइट बोर्डाकडे होतं, मग बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे गेलं. ते मंडळ २०२१ मध्ये बरखास्त झाल्यावर हा विषय न्यायालयांकडे आला.

२०१० मध्ये बोर्डानं ठरवलेला हिशेब समजायला सगळ्यात सोपा आहे: स्टेशनच्या निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या २ टक्के रक्कम बाजूला काढायची आणि ज्या कंपनीचं संगीत जितका वेळ वाजलं त्या प्रमाणात ती वाटायची. हा वेळ 'नीडल अवर'मध्ये मोजतात. तबकडीवर सुई टेकलेली असायची तेवढाच वेळ धरायचा, निवेदकाच्या गप्पा, बातम्या आणि जाहिराती वगळून. सुई गेली, शब्द राहिला.

समजा एका शहरातल्या स्टेशनचं महिन्याचं निव्वळ जाहिरात उत्पन्न ५० लाख आहे. २ टक्के म्हणजे १ लाख. महिन्यात एकूण ३०० नीडल अवर संगीत वाजलं, तर एका तासाला सुमारे ३३३ रुपये पडले. तुमचं साडेचार मिनिटांचं गाणं त्या महिन्यात वीस वेळा वाजलं, म्हणजे ९० मिनिटं, दीड नीडल अवर. झाले ५०० रुपये. आणि हे ५०० रेकॉर्डिंगच्या मालकाचे. आकडे मी सोयीसाठी घेतलेत, पण गणित असंच चालायचं. रेडिओच्या रॉयल्टीवर फ्लॅट घेण्याचा बेत असेल तर तो इथेच सोडा. वीस-तीस गाणी, पाच-सहा स्टेशनं आणि दहा-पंधरा वर्षं असं धरलंत तर मात्र ती मुरलेल्या लोणच्यासारखी पुरते.

डिसेंबर २०२० अखेरीस अपील मंडळानं टक्केवारीऐवजी शहराचा गट आणि प्रसारणाची वेळ यांनुसार तासाचे दर ठरवले, आणि रेकॉर्डिंगच्या पैशांखेरीज शब्द-चालीचे पैसे वेगळे द्यायचे हेही मान्य केलं. यावर स्टेशनं भांडली. त्यांचं म्हणणं होतं, रेकॉर्डिंगचे पैसे आम्ही कंपनीला देतोच, त्यातच सगळं आलं. मुंबई उच्च न्यायालयानं २८ एप्रिल २०२३ रोजी अंतरिम टप्प्यावर का होईना, स्पष्ट सांगितलं की २०१२ नंतर तसं म्हणता येणार नाही. रेकॉर्डिंग वाजलं की त्यातल्या शब्दांचा आणि चालीचाही वापर होतो, त्यामुळे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी वेगळी द्यावी लागेल. म्हणजे एकदा गाणं वाजलं की पैशाला दोन वाटा फुटतात: एक कंपनीकडे जाणारी, दुसरी आयपीआरएसमार्गे तुमच्याकडे येणारी.

तिसरी पायरी: योग्य दारात नाव घाला

शब्द किंवा चाल तुमची असेल तर आयपीआरएस. २०१७ मध्ये या संस्थेची कॉपीराइट सोसायटी म्हणून पुन्हा नोंदणी झाली. कार्यालय मुंबईत, अंधेरीला, पण सभासदत्वाचा अर्ज ऑनलाइन होतो. पॅन, पत्त्याचा पुरावा, रद्द केलेला चेक आणि प्रकाशित झालेल्या कामाचा पुरावा तयार ठेवा. गाणारे आणि वाजवणारे यांच्यासाठी वेगळी सोसायटी आहे, ती २०१३ मध्ये 'इस्रा' या नावानं नोंदली गेली. वादकही आत आल्यावर तिचं नाव 'इसाम्रा' झालं. चाल तुमची आणि आवाजही तुमचा असेल तर दोन्हीकडे नाव घाला. अनेक गायक-संगीतकार एकाच दारात उभे असतात आणि दुसऱ्या दारातून काहीच का येत नाही म्हणून कुढत बसतात.

रेकॉर्डिंग स्वतःचं असेल तर तिसरी गोष्ट लागते, आयएसआरसी क्रमांक. बारा अक्षर-अंकांचा हा क्रमांक म्हणजे रेकॉर्डिंगचं आधार कार्ड. भारतात तो इंडियन म्युझिक इंडस्ट्री या संघटनेकडून मिळतो, किंवा ज्या वितरकामार्फत तुम्ही गाणं ॲपवर टाकता तो देतो. एकाच गाण्याचं लाइव्ह रेकॉर्डिंग केलंत तर त्याला नवा क्रमांक लागतो, जुना चालत नाही.

कॉपीराइट ऑफिसात नोंदणी केलीच पाहिजे असं नाही. शब्द लिहिले की हक्क तयार होतो. पण पुढे भांडण होईल असं वाटत असेल तर दिल्लीच्या कॉपीराइट ऑफिसात शब्दांसाठी किंवा चालीसाठी ५०० रुपये आणि रेकॉर्डिंगसाठी २,००० रुपये भरून ती करता येते. मी स्वतः मोजकीच कामं नोंदवलीत. त्याहून जास्त उपयोग मला तारखेसकट स्वतःला पाठवलेल्या डेमोच्या मेलचा झालाय.

चौथी पायरी: प्रत्येक गाणं नोंदवा, आणि स्पेलिंग एकच ठेवा

सभासद होणं म्हणजे बँकेत खातं उघडणं. त्यात गाणी भरावी लागतात. प्रत्येक गाण्याचं नाव, गीतकार, संगीतकार, वाटे, कंपनी, गायक, लांबी, आयएसआरसी. अल्बम मोठा असेल तर एक रविवार जातो. जाऊ द्या.

आपल्या मराठी लोकांची खास पंचाईत स्पेलिंगची आहे. 'माझा' हा शब्द रोमन लिपीत कुणी जे-एच वापरून लिहितं, कुणी नुसतं झेड, कुणी झेड-एच. स्टेशनच्या यादीत एक, कंपनीच्या यादीत दुसरं आणि तुमच्या नोंदणीत तिसरं. संगणकाच्या लेखी ती तीन गाणी, आणि त्यातल्या दोघांना आईबाप नाहीत. नावांचंही तसंच. एका अल्बमवर आद्याक्षरं, दुसऱ्यावर पूर्ण नाव, तिसऱ्यावर टोपणनाव. माझ्या ओळखीच्या एका गीतकाराची गाणी अशी तीन नावांवर विखुरलेली होती. सोसायटीत तिन्ही नावं एकाच माणसाची म्हणून जोडून घेतली तेव्हा कुठे अडकलेले पैसे हलले. तेव्हा टोपणनावं अर्जातच लिहा, आणि गाण्याच्या नावाचे इतर प्रकार 'पर्यायी शीर्षक' म्हणून भरा. 'गणपती स्पेशल', 'ट्रॅक ०३ फायनल नवीन' असली नावं फाइलला देऊन स्टेशनला पाठवू नका. घाईत स्टेशन तेच नाव लॉगमध्ये, म्हणजे वाजल्याच्या नोंदीत, चढवतं, आणि मग 'ट्रॅक ०३ फायनल नवीन' या गाण्याची रॉयल्टी मागायला जगात कुणी जात नाही.

पाचवी पायरी: वाजल्याचा हिशेब

स्टेशनचं प्रसारण आधी लावलेल्या यादीप्रमाणे सॉफ्टवेअरवर चालतं, आणि काय, किती वाजता, किती वेळ वाजलं याची नोंद आपोआप होते. हाच लॉग पुढे सोसायटीकडे आणि कंपन्यांकडे जातो. कलम ३१डी खाली वाजवणाऱ्या स्टेशनवर तर असा हिशेब ठेवण्याचं आणि देण्याचं बंधनच आहे. त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे, जी फार कुणाला ठाऊक नसते: प्रसारणात कर्त्यांची आणि मुख्य कलाकारांची नावं सांगायची. विविध भारतीच्या निवेदकांना हे कुणी शिकवावं लागलं नाही. गीतकार, संगीतकार, गायक अशी तिन्ही नावं ऐकतच आपण मोठे झालो. खासगी एफएमवर गीतकाराचं नाव शेवटचं कधी ऐकलंत, आठवून बघा.

तुम्ही करायचं एवढंच: गाणं कधी, कुठल्या स्टेशनवर ऐकलं त्याची साधी नोंद ठेवा. मित्रमंडळींनी 'लागलं होतं रे तुझं' असा मेसेज पाठवला तर तोही जपा. वाटपाचं पत्रक आलं की ताडून बघा. एखादं स्टेशन पत्रकात दिसतच नसेल तर सोसायटीला तारीख-वेळेसकट लिहा. 'माझं गाणं खूप वाजतं' या वाक्याला तिथे किंमत नाही. '१२ तारखेला सकाळी साडेआठच्या सुमारास अमुक स्टेशनवर' याला आहे.

आकाशवाणीवर तुम्ही स्वतः जाऊन गायलात तर जो चेक येतो ते मानधन, तुमच्या श्रेणीप्रमाणे ठरलेलं. त्याला रॉयल्टी समजू नका. आणि स्टेशनच्या ॲपवर किंवा पॉडकास्टमध्ये गाणं वापरलं तर तो वेगळा परवाना. इंटरनेटवरच्या प्रसारणाला कलम ३१डी लागू नाही असं मुंबई उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये सांगितलं आणि २०२२ मध्ये खंडपीठानंही तेच कायम केलं.

सहावी पायरी: जिंगल

आता माझ्या पोटापाण्याचा विषय. जिंगलमध्येही शब्द आहेत, चाल आहे, रेकॉर्डिंग आहे. कायदा तिला छोटं गाणं म्हणून कमी लेखत नाही. वीस सेकंदांच्या चालीचा संगीतकार हा संगीतकारच. पण पैशाची वाट गाण्यासारखी नाही, आणि त्याचं कारण स्टेशनच्या आतच आहे.

स्टेशनमध्ये दोन याद्या असतात. गाण्यांची यादी संगीत विभागाची, जाहिरातींची यादी शेड्युलिंगची. जाहिरातींच्या यादीतली एक ओळ साधारण अशी दिसते: सकाळी ८ वाजून १४ मिनिटं २० सेकंद, दुकानाचं नाव, 'दिवाळी ३० सेकंद व्हर्जन २', रिलीज ऑर्डरचा, म्हणजे जाहिरात लावायच्या लेखी ऑर्डरचा, क्रमांक. झालं. ही ओळ दुकानाला बिल लावण्यासाठी असते, कारण जाहिरातीचा दर दहा सेकंदांवर असतो. तिच्यात शब्द कुणाचे, चाल कुणाची, यासाठी रकानाच नाही. ज्या कागदावर आपलं नाव नाही तो कागद आपल्याला पैसे देत नाही. म्हणून जिंगलचे पैसे सोसायटीच्या भरवशावर न ठेवता सुरुवातीलाच करारात बांधून घ्यायचे. जिंगल काम म्हणून सोसायटीकडे जरूर नोंदवा, पण चूल पेटते ती करारावर.

आता माझ्या वकील मित्राचं म्हणणं. कॉपीराइट दुसऱ्याच्या नावे करायचा तर कायद्याच्या कलम १९ प्रमाणे लेखी करार आणि देणाऱ्याची सही लागते. शिवाय कुठलं काम, कुठले हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशात आणि किती मोबदल्यात हे त्यात असावं लागतं. माझ्या बिलात यातलं काहीच नव्हतं. 'फुल अँड फायनल' हे पैशांबद्दल होतं, हक्कांबद्दल नव्हतं. दुकानाला ती रेडिओवर वाजवायची मुभा होती असं म्हणता येईल, कारण त्याचसाठी केली होती. मालक मात्र मीच होतो. मी केबलच्या वेळी तोंड उघडलं असतं तर निदान दुसरं बिल झालं असतं. फोटो किंवा जाहिरातपट पैसे देऊन करवून घेतला की त्याचा पहिला मालक पैसे देणारा असतो. शब्द आणि चालीचं तसं नाही. अपवाद नोकरीचा: तुम्ही स्टेशनच्या किंवा जाहिरात एजन्सीच्या पगारावर असाल तर नोकरीचं काम म्हणून केलेल्या जिंगलचा पहिला मालक नोकरी देणारा, वेगळा करार नसेल तर.

तेव्हा करारात, किंवा निदान कामाआधी पाठवलेल्या आणि समोरच्यानं 'ओके' म्हटलेल्या मेलमध्ये, पुढच्या गोष्टी हव्यातच. माध्यम कुठलं: फक्त रेडिओ, की टीव्ही आणि मोबाइलही? प्रदेश कुठला: एक शहर, महाराष्ट्र, की देश? मुदत किती? ही शेवटची ओळ कधीही रिकामी सोडू नका. करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर पूर्ण भारत. एका गल्लीतल्या मिठाईच्या दुकानाला तुम्ही नकळत काश्मीर ते कन्याकुमारी देऊन बसता. मुदत संपल्यावर नूतनीकरणाची रक्कम आत्ताच लिहा, मूळ रकमेच्या टक्केवारीत. तेव्हा मागायला गेलात तर दुकानदार म्हणतो, जुनीच आहे की, त्याचे कसले पैसे!

एजन्सीचे करार बहुधा 'बायआउट' मागतात, म्हणजे सगळं, सगळीकडे, कायमचं. द्यायला हरकत नाही, पण भाव तसा घ्या. आणि लक्षात ठेवा, बायआउटमध्येही रॉयल्टीचा निम्मा वाटा मिळण्याचा तुमचा हक्क जात नाही. रेडिओची जिंगल म्हणजे बिगरफिल्मी रेकॉर्डिंग आणि टीव्हीची जाहिरात म्हणजे कायद्याच्या भाषेत चित्रपटच; दोन्हीकडे ती तरतूद लागू पडते. एजन्सीच्या माणसाला हे पहिल्याच मीटिंगला ऐकवू नका, मात्र करारातल्या 'रॉयल्टीचा दावा करणार नाही' या वाक्यावर काट मारून मग सही करा. बहुतेक वेळा कुणी काही बोलत नाही.

डेमोबद्दल एक. पिचसाठी, म्हणजे काम मिळावं म्हणून नमुना, दिलेली चाल नाकारली आणि सहा महिन्यांनी तीच किंचित फिरवून वाजली, असं होतं. डेमो पाठवताना मेलमध्ये लिहा: 'केवळ ऐकण्यासाठी, निवड झाल्याशिवाय वापर नाही.' आणि डेमोवर मधूनमधून एक बीप टाका. वाईट दिसतं, पण चालतं.

सातवी पायरी: उसनी चाल

निवडणूक आली की माझा फोन वाजतो: अमुक हिट गाण्याच्या चालीवर आमच्या उमेदवाराचे शब्द बसवून द्या, उद्या स्टेशनला द्यायचंय. उत्तर सरळ आहे. मूळ ट्रॅक वापरायचा तर रेकॉर्डिंगच्या मालकाची परवानगी, आणि ट्रॅक नव्यानं वाजवून घेतला तरी चालीच्या मालकाची परवानगी. शब्द बदलले म्हणून चाल तुमची होत नाही. 'स्टेशनकडे लायसन्स असतं ना' हेही खोटं आहे. स्टेशनचा परवाना गाणं गाणं म्हणून वाजवण्याचा असतो, ते तुमच्या जाहिरातीत शिवण्याचा नाही. 'आठ सेकंदांपर्यंत चालतं' असा नियम कायद्यात कुठेच नाही. हे आठ सेकंद कुणाच्या सुपीक डोक्यातून आले देव जाणे. आणि ज्या साइटवर 'रॉयल्टी फ्री' असं लिहिलेलं असतं तिथला परवाना उघडून वाचा. बरेचदा तो फक्त ऑनलाइन व्हिडिओपुरता असतो, रेडिओच्या जाहिरातीसाठी वेगळे पैसे पडतात.

थोडं कर, परदेश आणि घरच्यांबद्दल

रॉयल्टी येते ती साधारण दहा टक्के टीडीएस कापून, म्हणून पॅन बरोबर असणं आणि वर्षाचं विवरणपत्र भरणं दोन्ही गरजेचं. कापलेले पैसे परत मिळवण्याचा तोच रस्ता.

लंडनच्या एखाद्या एशियन स्टेशनवर तुमचं मराठी गाणं वाजलं तर तिथली सोसायटी शब्द-चालीचे पैसे गोळा करते आणि परस्पर करारातून ते आयपीआरएसकडे येतात. तुम्ही सभासद असाल आणि गाणं नोंदवलेलं असेल तरच. अमेरिकेत गंमत आहे. तिथे साध्या एएम-एफएमवर वाजलं तर गीतकार-संगीतकाराला मिळतं, गायकाला आणि रेकॉर्डिंगच्या मालकाला काहीही नाही. तेच इंटरनेट रेडिओवर वाजलं तर गायकालाही मिळतं, साउंडएक्सचेंज नावाच्या संस्थेमार्फत.

वारस नेमून ठेवा. हक्क तुमच्यानंतर साठ वर्षं चालणार आहे, म्हणजे तो मुख्यतः तुमच्या मुलानातवंडांचा आहे. जुन्या गीतकारांच्या घरी गेलो की ट्रंकेत सगळं सापडतं, हस्तलिखितं, फोटो, मानपत्रं. करार तेवढा सापडत नाही. तुमच्याकडे घरातलं असं कुणी असेल तर ट्रंक आजच उघडा. वारसांनाही सोसायटीचं सभासद होता येतं.

वकील मित्रानं ते बिल वाचल्यानंतर माझ्या बिलाची भाषा बदलली. आता ते असं असतं: 'जिंगल, ३० सेकंद, आणि तिच्या २० व १० सेकंदांच्या आवृत्त्या. वापर: केवळ एफएम रेडिओ, कोल्हापूर व सांगली. मुदत: पहिल्या प्रसारणापासून १२ महिने. नूतनीकरण: मूळ रकमेच्या ४० टक्के प्रतिवर्षी. इतर कुठल्याही माध्यमासाठी वेगळी परवानगी. शब्द व चाल यांचे हक्क आमच्याकडे.' साड्यांचं ते दुकान आता मुलगा बघतो. मागच्या वर्षी त्यानं नवीन जिंगल करून घेतली, हेच बिल त्याला दिलं. त्यानं 'मुदत'वर बोट ठेवलं आणि म्हणाला, "काका, बारा महिन्यांनी काय होईल?" मी म्हटलं, "तुझा फोन येईल."

या दिवाळीच्या महिनाभर आधी तो आला.